जुना फोन, नवा फोन : तिलवाऱ्याच्या एका घरातील ताळेबंद

जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. पुलाखालचा तिलवारा घाट इतिहासाच्याही परिचयाचा आहे. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे गाजलेले त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले होते. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन येथील पात्रात झाले. मकरसंक्रांतीला घाटावर मोठी जत्रा भरते आणि तिळाचे दान करून भाविक नर्मदेत स्नान करतात. खांद्यावर झोळी टाकून नर्मदा परिक्रमेला निघालेले महाराष्ट्रातील यात्रेकरू याच काठाने पुढे सरकत असतात.

शतकानुशतकांच्या या वाटेवर आता एक नवी वस्तू येऊन बसली आहे. फुलांच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसतो. नावाडी कानाशी मोबाईल धरून पलीकडच्या तीरावरील प्रवाशांशी बोलतो. परिक्रमावासीही संध्याकाळी मुक्कामाला पोहोचताच आधी पाण्याची आणि त्यानंतर चार्जिंगची सोय विचारतो. भ्रमणध्वनी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे सांगण्यासाठी आता कोणत्याही पाहणीची गरज उरलेली नाही.

गरज आहे ती एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याची. घरात चालू स्थितीतील फोन असताना नवा घ्यावा का? जाहिराती या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, स्मरणशक्तीचे गिगाबाइट, प्रक्रियकाचा वेग असे हे आकडे. सर्वसामान्य ग्राहकाचा दिवस मात्र या आकड्यांनी मोजला जात नाही. दूध, औषध, वीजबिल, मुलांचा फोन, पेन्शनचा संदेश यांनी तो भरलेला असतो. म्हणून नव्या आणि जुन्या फोनची तुलना याच कामांच्या कसोटीवर करून पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

दोन फोन, एक वही

तिलवाऱ्यातील एका मराठी घराचे प्रातिनिधिक उदाहरण डोळ्यांसमोर आणू. जबलपूरचे दूरसंचाराशी नाते जुने आहे. दूरसंचार खात्याचे प्रशिक्षण केंद्र या शहरात १९४२ पासून आहे आणि खात्याचा कारखानाही येथे होता. अशाच कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले आजोबा आणि त्यांच्या पत्नी असे दोघांचे हे घर. मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीला तो सहकुटुंब आला आणि जाताना वडिलांसाठी एक नवा स्मार्टफोन ठेवून गेला.

आजोबांचा सध्याचा स्मार्टफोन सहा वर्षांपूर्वीचा होता. काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेलेला, पण बाकी सर्व काम चोख. आजींकडे बटणांचा साधा फोन होता. "चालतंय ते टाकायचं कशाला?" हा आजोबांचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या या गृहस्थांनी मग एक तोडगा काढला. पंधरा दिवस दोन्ही फोन वापरायचे. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड जुन्या फोनमध्येच ठेवायचे आणि घरातील दुसरे सिम नव्यात घालायचे. वहीत दोन रकाने आखायचे, जमा आणि नावे. ज्या कामात नवा फोन सरस ठरेल ते जमेला, ज्यात तो उणा पडेल ते नावे.

डोळे, कान आणि बोटे

पहिल्याच दिवशी जमेच्या बाजूला दोन नोंदी झाल्या. नव्या फोनचा पडदा मोठा आणि अधिक तेजस्वी होता. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळच्या उन्हात जुन्या फोनवरील संदेश वाचण्यासाठी तळहाताची सावली धरावी लागे, ती आता लागेना. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ही सोय मोठी वाटली. तथापि अक्षरे मोठी करण्याची सुविधा जुन्या फोनमध्येही होतीच. सहा वर्षे ती कोणी शोधलीच नव्हती. आजोबांनी प्रामाणिकपणे ती नोंद अर्धीच धरली.

दुसरी नोंद आवाजाची. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून होणारे बोलणे जुन्या पद्धतीच्या कॉलपेक्षा स्पष्ट ऐकू येते. जुना फोनही फोर-जी असल्याने जाळे तेच होते, पण त्याचा ध्वनिक्षेपक सहा वर्षांच्या धुळीने मंदावलेला. नव्या फोनमध्ये आणखी एक सोय निघाली. जाड भिंतींच्या मधल्या खोलीत सिग्नल क्षीण असला, तरी घरातील वाय-फायवरून साधा कॉल करता येई. पुण्याच्या नातीशी बोलताना अंगणात जाऊन उभे राहण्याची सवय त्यामुळे सुटली.

नावे रकानाही रिकामा राहिला नाही. नवा फोन मोठा, जड आणि गुळगुळीत. सदऱ्याच्या खिशात मावेना आणि हातातून निसटे. कानात घालायच्या वायरसाठी त्याला भोकच नव्हते, त्यामुळे रेडिओ ऐकण्याची जुनी वायर निरुपयोगी ठरली. बोटाच्या ठशाने कुलूप उघडण्याची सोय मोठी आकर्षक होती, पण नर्मदास्नानानंतर ओल्या बोटांनी ते उघडेना. वयोमानाने बोटांवरील रेषा झिजतात, त्यामुळे कोरड्या बोटांनीही दोन-तीनदा प्रयत्न करावा लागे. अखेर सहा अंकी संकेतांक हाच खात्रीचा उपाय ठरला.

बॅटरीचे गणित

आजींच्या बटणांच्या फोनला या तुलनेत कोणी बोलावले नव्हते, पण बॅटरीच्या बाबतीत त्याने दोघांनाही मागे टाकले. दर चार-पाच दिवसांनी एकदा चार्जिंग एवढीच त्याची अपेक्षा. २००३ मध्ये बाजारात आलेला नोकियाचा ११०० हा फोन ज्यांनी वापरला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. धुळीपासून जपणारा कळफलक आणि माथ्यावरची विजेरी यांमुळे तो भारतात घरोघरी पोहोचला. जगभरात त्याचे सुमारे २५ कोटी नग विकले गेले. त्याची बॅटरी अवघी ८५० मिलिअँपिअर-तासांची होती. आजच्या स्मार्टफोनमध्ये ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सर्रास असते, तरीही ती दीड-दोन दिवसांत रिकामी होते. मोठा पडदा आणि पाठीमागे अखंड चालणारे इंटरनेट हे त्याचे कारण. मिळकत वाढली की खर्चही वाढावा, तसाच हा प्रकार.

जुन्या स्मार्टफोनची बॅटरी दुपारपर्यंतच तग धरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता प्रत्येक चार्जिंगबरोबर किंचित घटते. अनेक फोनांच्या बॅटऱ्या सुमारे ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतील, अशा बेताने बनवलेल्या असत. उष्णतेने ही झीज आणखी वाढते. जबलपूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि अनेक फोन तर ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बेतलेले असतात. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

येथे एक व्यवहार्य पर्याय पुढे आला. बॅटरी बदलून घेतली तर जुना फोन आणखी दोन वर्षे सहज चालला असता आणि खर्च नव्या फोनच्या किमतीच्या अगदी अल्प भागाइतका आला असता. आठव्या दिवशी वहीतील बेरीज पाहून आजोबांचे मत जवळजवळ ठरले. नवा फोन मुलाला परत पाठवावा, जुन्याची बॅटरी बदलावी.

दुपारचा एक फोन

नवव्या दिवशी दुपारी जुन्या फोनवर एक कॉल आला. बोलणारा शुद्ध हिंदीत, अदबीने बोलत होता. आजोबांचे पूर्ण नाव त्याला ठाऊक होते. "आपका जीवन प्रमाण पत्र अधूरा है। इस महीने से पेन्शन रुक जाएगी," असे सांगून त्याने एक फाइल पाठवतो, ती उघडून माहिती भरा, असे सुचवले. नोव्हेंबर महिना, हयातीचा दाखला अजून द्यायचाच होता. त्यामुळे बोलणे खरे वाटले. काही क्षणांत संदेश आला. फाइलच्या नावात 'पेन्शन' हा शब्द होता. आजोबांनी ती दाबली. पडद्यावर एकच प्रश्न उमटला, हे ॲप बसवायचे का?

आजी शेजारीच भाजी निवडत होत्या. "अहो, बँकेची माणसं अशी फाइल पाठवतात का कधी? शाखा उद्या उघडीच आहे की. जाऊन विचारू," त्या म्हणाल्या.

आजोबांचे बोट थांबले. फोन ठेवल्यावर त्यांनी नातवाला विचारले. नातवाने सांगितलेली गोष्ट वहीतील सगळ्या नोंदींपेक्षा महत्त्वाची होती. अधिकृत दुकानाबाहेरून येणारी ॲप स्मार्टफोन सहसा अडवतो आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलेल्या याच नातवाने एक खेळ बसवण्यासाठी ती परवानगी जुन्या फोनवर देऊन ठेवली होती. ती बंद करण्याचे कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते. मधला अडसर आधीच काढलेला होता. एक 'होय' तेवढे बाकी होते. अशा प्रकारे शिरणारी ॲप फोनवरील संदेश वाचू शकतात, म्हणजे बँकेकडून येणारा ओटीपीही त्यांच्या हाती पडतो. पेन्शनचे खाते, मुदत ठेवींचे व्याज आणि औषधांचा मासिक खर्च एका स्पर्शाच्या अंतरावर होता.

न दिसणारी तारीख

"आजोबा, सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघा," नातवाने सांगितले. दोन्ही फोनवर ती पाहिली गेली. नव्या फोनवर गेल्या महिन्याची तारीख होती. जुन्यावर तीन वर्षांपूर्वीची.

नव्या-जुन्याची खरी तुलना येथे सुरू होते. स्मार्टफोन ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात वेळोवेळी उणिवा सापडतात आणि कंपन्या त्या दुरुस्त करून इंटरनेटवरून पाठवतात. ही दुरुस्ती ठराविक वर्षेच मिळते. मुदत संपल्यावर फोन बाहेरून पूर्वीसारखाच चालतो, बोलतो, छायाचित्रे काढतो. मात्र त्यानंतर उघडकीस आलेली प्रत्येक उणीव त्याच्यात तशीच राहते. कडी मोडलेले दार लोटून ठेवले तर रस्त्यावरून बंदच दिसते, तसे हे आहे.

ही मुदत पूर्वी दोन-तीन वर्षांची असे. अलीकडे ती वाढते आहे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांची हमी दिली. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावतता पुरवणे बंधनकारक झाले. बॅटरीनेही ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, अशी अट त्यात आहे. स्वस्त फोनांना मात्र अनेकदा ही मुदत कमी असते. म्हणून दुकानात मेगापिक्सेल विचारण्यापूर्वी "याला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?" असा प्रश्न विचारणे हिताचे. मुदत ठेवीची पावती घेताना आपण परिपक्वतेची तारीख पाहतोच; फोनलाही अशी तारीख असते.

आजोबांनी वहीत त्या दिवशी एकच ओळ लिहिली आणि तिच्याखाली दुहेरी रेघ ओढली. जुन्या फोनमधून बँकेचे व्यवहार बंद.

हयातीचा दाखला

आजींच्या सांगण्याप्रमाणे दोघे दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. दाखला अद्याप द्यायचा आहे, मुदत संपलेली नाही आणि बँकेने असा कोणताही फोन केलेला नाही, हे तेथे स्पष्ट झाले. निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची योजना १० नोव्हेंबर २०१४ पासून सुरू आहे. आरंभी बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे यांवर ती अवलंबून होती. झिजलेल्या बोटांच्या ज्येष्ठांची त्यात अडचण होई. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि स्मार्टफोनचा कॅमेरा त्यासाठी पुरेसा झाला. आधारची चेहरा-ओळख आणि जीवन प्रमाण ही दोन्ही ॲप अधिकृत दुकानातून घ्यायची, पेन्शन खात्याचा तपशील भरायचा, डोळे मिटून उघडायचे, की काम झाले. जुन्या फोनची प्रणाली या ॲपला चालेना. नव्यावर अंगणातल्या उजेडात दाखला तयार झाला आणि प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. दाखला पेन्शन वितरण कार्यालयाने स्वीकारला का, हे नंतर पाहून घेणे तेवढे अगत्याचे असते.

ज्यांना हे जमत नाही, त्यांना शाखेत जाण्याचा मार्ग आहेच. वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा आहे.

घर बदलावे तसा फोन बदलावा

फोन बदलणे म्हणजे सिमकार्ड इकडून तिकडे घालणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. बँकेच्या दृष्टीने मात्र ते घर बदलण्यासारखे आहे. यूपीआयची नोंदणी सिम आणि फोन या दोहोंशी बांधलेली असते. नव्या फोनवर ॲप बसवताना नोंदवलेल्या क्रमांकावरून एक संदेश आपोआप पाठवला जातो आणि त्यावरून ओळख पटते. दोन सिम असतील तर योग्य सिम निवडावे लागते. रिचार्जमध्ये संदेश पाठवण्याची सोय नसेल तर नोंदणी अडते. आजोबांची याच कारणाने एक संध्याकाळ खर्ची पडली. नव्या नोंदणीनंतर पहिला दिवसभर रकमेवर मर्यादा असू शकते. त्यामुळे मोठे देणे असलेल्या दिवशीच फोन बदलण्याचा बेत करू नये.

किरकोळ खर्चासाठी 'यूपीआय लाइट'चा पर्याय त्यांना विशेष रुचला. यात थोडी रक्कम वेगळी काढून ठेवता येते आणि छोट्या देण्यांसाठी पिन घालावा लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये या सोयीची मर्यादा एका व्यवहारासाठी १,००० रुपये आणि एकूण शिलकीसाठी ५,००० रुपये करण्यात आली. घरखर्चाचे पाकीट आणि कपाटातील तिजोरी यांत जो फरक, तोच येथे राखला जातो.

भाषेचाही एक लाभ झाला. जबलपूरच्या मराठी घरांत बाहेरचा व्यवहार हिंदीत आणि आतला मराठीत चालतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा, असे भारतीय मानक आहे. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठीसाठी खुली केली. आजोबांनी नव्या फोनची भाषाच मराठी केली. धोक्याची सूचना मातृभाषेत समोर आली की ती न वाचता 'होय' दाबण्याची शक्यता कमी होते. ही केवळ अस्मितेची बाब नाही, सुरक्षिततेचीही आहे.

बटणांच्या फोनची जागा

नव्या फोनच्या कौतुकात आजींचा फोन मोडीत निघाला नाही. त्यांनीच तो सोडण्यास नकार दिला, आणि हा निर्णय शहाणपणाचा होता. वीज गेली, स्मार्टफोन बंद पडला किंवा हरवला, तर घराचा जगाशी संबंध त्याच्यामुळे टिकतो. तिलवाऱ्यासारख्या नदीकाठी ही बाब गौण नाही. वरच्या अंगाला बरगी धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की ग्वारीघाट, तिलवारा, भेडाघाट येथील पाणी चढते आणि प्रशासनाला सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागतात. २०२३ मध्ये देशभर मोठ्या आवाजातील आपत्कालीन संदेशांची चाचणी झाली, ती याच धर्तीच्या प्रसंगांसाठी. अशा वेळी घरातील एक तरी फोन चार्ज असलाच पाहिजे.

बँकिंगसाठीही साधा फोन अगदीच निरुपयोगी नाही. *९९# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते. शिल्लक पाहणे आणि मर्यादित रक्कम पाठवणे तिच्यावरून शक्य होते. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी 'यूपीआय १२३पे' ही सेवा साध्या फोनधारकांसाठी सुरू केली. तीत ठरलेल्या क्रमांकावर फोन करून, बोलत्या सूचनांनुसार कळा दाबत पैसे देता येतात. स्मार्टफोन नाही म्हणून कोणी डिजिटल व्यवहारांपासून वंचित राहू नये, हा त्यामागील हेतू आहे.

ग्राहकांनी हे लक्षात ठेवावे

१. फोन बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी सेटिंगमधील सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. अपडेट कायमचे थांबले असल्यास त्या फोनवर बँकेची ॲप ठेवू नयेत.

२. केवळ बॅटरी दुबळी झाली असेल आणि अपडेट सुरू असतील, तर अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून घेणे पुरेसे ठरते.

३. *#०६# दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास 'संचार साथी' या शासकीय सेवेवरून तो बंद करवून घेता येतो. सिम आणि बँक सेवा त्याच वेळी थांबवाव्यात.

४. संदेशातून आलेली ॲपची फाइल कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नये. ॲप अधिकृत दुकानातूनच घ्यावीत. अनोळखी स्रोताची परवानगी बंद आहे का, ते तपासावे.

५. पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पिन आणि ओटीपी बँकेच्या कर्मचाऱ्यांनाही सांगू नयेत.

६. बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्ता पाहावा. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर स्थलांतरित होण्यास सांगितले होते.

७. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी तक्रार झाली, तर ते अडवण्याची शक्यता अधिक असते.

८. जुना फोन कोणाला देण्यापूर्वी बँकेची ॲप आणि खाती काढून तो मूळ स्थितीत आणावा. पूर्ण निकामी फोन अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.

ताळेबंद

संक्रांत आली. तिलवाऱ्याच्या घाटावर जत्रा भरली. गर्दी वाढली तसे मोबाईलचे जाळे मंदावले आणि तिळाच्या लाडवांच्या दुकानापुढे क्यूआर कोड दाखवूनही पैसे पुढे सरकेनात. आजोबांनी खिशातून नोटा काढल्या. नव्या फोनच्या नावे आणखी एक नोंद झाली. पण ती लिहिताना त्यांच्या मनात किंतु नव्हता, कारण हिशेब आता पुरा झाला होता.

नवा फोन बँक, दाखला आणि व्हिडिओ कॉलसाठी. आजींचा बटणांचा फोन अडीअडचणीसाठी. जुन्या स्मार्टफोनमधून सिम, बँकेची ॲप आणि खाती काढली गेली. त्याला अजूनही वायरचे भोक असल्याने तो आता देवघराशेजारी भजने आणि रेडिओ ऐकवतो. त्याने सहा वर्षे इमानाने काम केले होते. त्याला निवृत्ती मिळाली, तीही कामासह.

पुण्याच्या मुलाने फोनवर विचारले, "मग बाबा, नवा फोन आवडला का?"

"फोन चांगला आहे," आजोबा म्हणाले, "पण त्या दिवशी पेन्शन वाचवली ती तुझ्या आईने."

स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, "अहो, बोलणं झालं असेल तर तिळगूळ घ्या."

नवा फोन दार भक्कम करतो. कडी लावायची की काढायची, हे मात्र घरातल्या माणसांनाच ठरवावे लागते. शंका आली की क्षणभर थांबावे आणि शेजारच्या माणसाला किंवा आपल्या शाखेला विचारावे, ही सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि तिची मुदतही कधी संपत नाही.